मासळी बाजाराची शुद्ध हरकत

मी लोकांच्या मराठीतल्या चुका काढते. हे माझं काम आहे, स्वभावही तोच आहे, आणि आईच्या मते माझं लग्न न जमण्याचं कारणही तेच आहे. एका मुलाने पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलं होतं, 'तुझा फोटो आवडला आणी तुझे विचार पण.' मी त्याला फक्त 'आणि' एवढंच उत्तर पाठवलं. त्याला वाटलं मी पुढचं विचारतेय. बिचाऱ्याने आणखी लांबलचक परिच्छेद लिहून पाठवला. त्यात इतक्या चुका होत्या की मी फोन उलटा ठेवला.

या अंकाच्या संपादकांनी 'कामातले अनुभव लिहा' म्हणून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अहो, मी अजून तिशीचीही नाही, अनुभव निवृत्त लोकांकडे मागा. ते म्हणाले, निवृत्त लोक स्वतःच्या चुका विसरलेले असतात. घ्या. म्हणजे मला बोलावलंय ते कशासाठी, हे सुरुवातीलाच कळलं.

काम सांगते. बोरीवलीत आमची एक छोटी संघटना आहे. ज्यांचं काहीतरी जाणार असतं ते आमच्याकडे येतात. कुणाची फुटपाथवरची जागा, कुणाचं पाणी, कुणाचं घर. पूर्वी आम्ही पत्रकं छापून वाटायचो, आता पेज आहे आणि पन्नास ग्रुप आहेत. त्यावर जे काही जातं ते आधी माझ्या फोनवर येतं. विनय नावाचा माझा सहकारी लाल-पिवळी चित्रं करतो, अक्षरं केवढी मोठी ते बघतो. अक्षरं बरोबर आहेत का, ते मी बघते. आमच्या दोघांचं भांडण या एका वाक्यावर चालतं:

"अगं, पण कळतंय ना?"

'कळतंय ना' हा माझा शत्रू आहे. या देशातली निम्मी घाण 'चालतंय ना' म्हणून साठली आणि मराठीतली सगळी 'कळतंय ना' म्हणून.

हे वेड मला लावलं अण्णांनी. अण्णा आमचे ज्येष्ठ, पत्रकं लिहिण्यात आयुष्य गेलेलं. कॉलेजात असताना मी त्यांच्या हाताखाली पत्रकं तपासायला शिकले. ते म्हणायचे, "पोरी, पत्रकात एक चूक राहिली की समोरचा तुझा मुद्दा वाचत नाही, चूक वाचतो. आणि चौकात उभा राहून मोठ्याने वाचतो." तपासायची त्यांची एक पद्धत होती. मजकूर शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे उलटा वाचायचा. सरळ वाचलं तर माणूस अर्थात गुंततो आणि वेलांटी निसटते. उलटं वाचलं तर अर्थ मध्ये येत नाही, नुसते शब्द दिसतात, एकेक सुटा, गुन्हेगारांच्या रांगेसारखा. मी ही विद्या इतकी मन लावून शिकले की पुढे मला सरळ वाचतानाही अर्थ दिसेनासा झाला. पण ते नंतर.

बाहेरच्यांना वाटतं ऑनलाइन मराठी बिघडली ती लोक अडाणी आहेत म्हणून. अजिबात नाही. प्राध्यापक मंडळी काय लिहितात ते माझ्याकडे साठवलेलं आहे. खरं दुखणं अंगठ्याचं आहे. माणूस इंग्रजी अक्षरं टाइप करतो, फोन मराठीत चार शब्द सुचवतो, अंगठा पहिल्यावर पडतो. म्हणून 'की'चा 'कि' होतो, 'पाहिजे'चं 'पाहीजे' होतं, 'हार्दिक' दीर्घ होऊन बसतं. पूर्णविरामाच्या आधी जागा सोडतात आणि नंतर सोडत नाहीत. उद्गारचिन्हं तर मूठभर शेव टाकावी तशी. त्यात हिंदी शेजारी बसलेली. 'मला मदत करा'चं 'माझी मदत करा' झालं आणि कुणाला काही वाटलं नाही. दुकानात दूध भेटतं, ऑफिसात रजा भेटते, मुलाला शाळेत प्रवेश भेटतो. या शहरात सगळ्या वस्तू एकमेकांना कडकडून भेटतायत, फक्त माणसं भेटत नाहीत.

बघा, पुन्हा भाषण सुरू झालं. विनय म्हणतो, पत्रकाखाली असतं तसं तुझ्या बोलण्याखालीही 'प्रकाशक' म्हणून नाव घालायला पाहिजे.

माझ्याकडे येणारी गिऱ्हाइकं सगळी चुका करणारीच असतात असं नाही. एका सोसायटीचे सचिव आले होते. लिफ्ट बंद पडली, बिल्डर दाद देत नाही, त्याच्यासाठी नोटीसवजा पोस्ट हवी होती. मी साध्या मराठीत लिहून दिली. त्यांनी चष्मा वर केला, वाचली, आणि म्हणाले, "मॅडम, थोडी जड करा ना."

"जड म्हणजे?"

"म्हणजे समोरच्याला कळली नाही पाहिजे, पण भीती वाटली पाहिजे."

मी 'सदरहू', 'उपरोक्त', 'तदनंतर' घालून दिली. ते इतके खूश झाले की पुढच्या वेळी पेढे घेऊन आले. लिफ्ट अजून बंदच होती, पण पोस्टचं सोसायटीत कौतुक झालं होतं.

आणि दिंडोशीच्या वसाहतीतलं पाण्याचं प्रकरण. पाणी पहाटे येतं, अर्ध्या तासात जातं, म्हणून तिथल्या रहिवाशांनी आमच्या पेजवर लिहायला सुरुवात केली. पहिल्याच माणसाने 'पाणि' लिहिलं. मी खाली दुरुस्ती केली. दुसऱ्याने माझ्या दुरुस्तीवर आक्षेप घेतला, तिसऱ्याने बोलीभाषेचा अभिमान काढला, चौथ्याने पुण्याला शिव्या दिल्या. त्या पोस्टखाली दोन दिवस तुंबळ युद्ध झालं आणि पाण्याबद्दल कोणी एक ओळ लिहिली नाही. एकाने मला धमकी दिली, 'तुला बघून घेइन.' मी उत्तर दिलं, 'घेईन. ई दीर्घ.' थोड्या वेळाने त्याने धमकी दुरुस्त करून परत पाठवली. मला इतका आनंद झाला! चळवळीने माणूस बदलतो, यावरचा माझा विश्वास त्या दिवशी वाढला.

विनयने फक्त विचारलं, "आणि पाणी?"

आता मासळी बाजार.

बोरीवली पश्चिमेला, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पत्र्याची शेड आहे. खाडीपलीकडच्या गावातल्या वीसेक कोळणी तिथे मासळी विकतात. त्यांच्या सासवाही तिथेच बसायच्या. त्या शेडच्या जागी इमारत उभी करायची, तळमजल्यावर दुकानं काढायची आणि मासळी बाजार दुसऱ्या मजल्यावर न्यायचा, असा प्रस्ताव आला. ज्या कार्यालयातून आला त्याचं नाव लिहीत नाही, आमचं तिथे अजून काम असतं. दुसऱ्या मजल्यावर मासळी घ्यायला कोण चढणार? बाजार वर गेला की वर्षभरात मोडणार, हे त्या बायकांना कागद न वाचता कळलं.

अशा प्रस्तावावर लोकांकडून हरकती मागवतात. मुदतीच्या आत लेखी हरकत पाठवायची, मग सुनावणी होते. हल्ली हरकत ऑनलाइन पाठवता येते. मला ही केवढी सोय वाटली! बाईने धंदा सोडून कुठे जायला नको. ओट्यावर बसल्या बसल्या तिने मला मेसेज करायचा, मी तो नीट करायचा, तिच्या नावाने पाठवायचा. मी बाजारात जाऊन तसं सांगितलं. त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या बेबीमावशीने माझ्याकडे खालून वर पाहिलं. (त्यांची बोली मी इथे माझ्या कानाने लिहिते आहे. चुकली असेल तर चूक माझी.)

"आमच्या लिवन्याला कोन हसल तर?"

"म्हणून तर मी आहे ना, मावशी. एकही चूक राहणार नाही."

"मंग बरा. शिकलेली पोर हाय, लिवल बरोबर."

मेसेज यायला लागले. कुणी मुलीकडून टाइप करून घेतला, कुणी फोनला तोंड लावून बोललं आणि फोनने जे समजलं ते लिहिलं. सुमनचा सगळ्यात लांब होता. सुमन म्हणजे शेडच्या टोकाला बसणारी, पस्तिशीची, बोंबील-मांदेली विकणारी, कमी बोलणारी बाई. तोंडाने कमी बोलते म्हणून की काय, फोनशी भरपूर बोलली होती:

'मी सुमन बोलते आमची मासली वर नेली तर बरफाचा पानी खाली गलल मग खालचे दुकानवाले भांडतील आनि म्हातारे गिराइक वर कशे येतील ते बोलतात सुमन तू खालीच बस आनि लिफ्ट मधी पाटी घेउन उभी राहिली तर लोक नाक धरतील मी काय करू नाक माजा पन हाय'

पूर्णविराम शून्य. मी शर्टाच्या बाह्या सरसावल्या. या मेसेजवर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली, आणि शेवटी हे पाठवलं:

'प्रस्तावित स्थलांतरामुळे माझ्या उपजीविकेवर विपरीत परिणाम होणार असून त्यातून अनेक व्यावहारिक अडचणी उद्भवतील. सबब, सदर प्रस्तावास माझी तीव्र हरकत आहे.'

काय वाक्य आहे! मी ते उलटं वाचून तपासलं. 'आहे हरकत तीव्र माझी' पासून 'प्रस्तावित' पर्यंत एक वेलांटी चुकलेली नाही. बर्फाचं पाणी, म्हातारी गिऱ्हाइकं, लिफ्ट, नाक, हे सगळं 'व्यावहारिक अडचणी'त व्यवस्थित घडी घालून ठेवलं होतं. मग 'उपजीविका' हा शब्द इतका छान बसलाय म्हणून तो बेबीमावशीच्या हरकतीतही बसवला. 'सबब' सगळ्यांना वाटला. मुदतीच्या आत वीसेक हरकती गेल्या, एकजात स्वच्छ.

विनयने सगळ्या एकदम वाचल्या. "यार, या सगळ्या बायका एकाच बाकावर बसून शिकल्यासारख्या वाटतायत."

"मग? चांगलंच आहे ना."

"बघ बाबा," तो म्हणाला.

पंधरवड्याने कार्यालयाचं उत्तर आलं. 'प्राप्त हरकती एकसारख्या मजकुराच्या व साचेबद्ध असल्याने त्या एकत्रितपणे एक हरकत म्हणून विचारात घेण्यात येत आहेत.' खरं सांगते, ते वाक्य वाचून माझ्या मनात पहिला विचार आला की यात चूक नाही. दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला. वीस बायकांची मी एक बाई केली होती.

मग मात्र वाट लागली. मी आणि विनय कार्यालयात गेलो, भांडलो. मी जोरात भांडले, विनय उपयोगाचं भांडला. शेवटी इतकं पदरात पडलं की सुनावणीच्या दिवशी जी बाई स्वतः हजर राहील तिचं म्हणणं वेगळं ऐकतील, वेगळं नोंदवतील. सुनावणी बुधवारी.

मी हे बाजारात सांगितलं तेव्हा क्षणभर कोयत्यांचा आवाज थांबला.

"बुधवार?" बेबीमावशी म्हणाली. "तुज्या डोक्यात बरफ हाय काय गो? बुधवारी आख्खी बोरीवली मासली खाते. त्या दिवशी ओटा सोरून जायचा?"

"तू बोललेली ना, जायला नको, फोनवरून होल?" दुसरी म्हणाली. "शिकलेली पोर म्हने!"

त्यांनी माझ्याकडे लक्ष देणं सोडून दिलं आणि आपापसात ठरवलं. त्यांच्यात एक रीत आहे. कोणाला दवाखान्यात, लग्नाला, मयताला जावं लागलं की शेजारची बाई तिची पाटी सांभाळते. गेलेल्या बाईची मासळी पडून राहता कामा नये. या वेळी सगळ्यांनाच जायचं होतं, म्हणून एकीने मागे राहून सगळ्यांच्या पाट्या सांभाळायच्या, असं ठरलं. कोणी राहायचं? सुमन म्हणाली, "मी ऱ्हाते. तुमी जावा."

विनय माझ्या कानात कुजबुजला, "तिचं म्हणणं राहून जाईल गं."

आणि मी, भर बाजारात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काही हरकत नाही. सुमनताईंची लेखी हरकत सगळ्यात चांगली झालीय. ती बोलेल त्यांच्या वतीने."

सुनावणी दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत होती. सगळ्या बायका नटून आल्या होत्या. सुनावणी घेणाऱ्या मॅडम वयाने प्रौढ, थकलेल्या, पण माणूस ऐकून घेणाऱ्या होत्या. त्यांनी बेबीमावशीला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "तुमच्या नावाने आलेली हरकत वाचून दाखवते. तुमचीच आहे का सांगा."

त्यांनी वाचली. 'उपजीविकेवर विपरीत परिणाम' आला, 'सबब' आला. बेबीमावशी मान तिरकी करून ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "बरा लिवलाय. पन बाई कोन ती?"

"तुम्हीच. खाली तुमचं नाव आहे."

"ही बाई मासली नाय विकत," बेबीमावशी म्हणाली. "ही बँकेत असल."

खोलीत हशा पिकला. मॅडमही हसल्या. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते, उलटं.

"मग तुम्ही सांगा," मॅडम म्हणाल्या. बाजूला एक लिपिक टाइप करायला बसला होता.

मग सुटल्या एकेक. बेबीमावशीने लिफ्टवाल्या लोकांची नक्कल केली. एकीने बर्फाच्या गोणी जिन्याने कोण चढवणार, तुमचा साहेब का, असं विचारलं. एकीने सांगितलं की वर गेलं तर नवीन वाटपात तिचा ओटा जावेच्या शेजारी येतो, आणि जावेशी तिचं बोलणं नाही, ही पण हरकत लिहा. जाऊ मागेच बसलेली होती. ती उठून म्हणाली, "माजी पन लिवा. हीच हरकत. हिच्याबद्दल." मॅडम म्हणाल्या, "लिहा हो." लिपिकाने लिहिलं. कोणी विषय सोडून मुलाच्या नोकरीचं बोललं, कोणी रडलं, एक तर मॅडमना कोणती मासळी आवडते ते विचारून मोकळी झाली. पण त्या खोलीत कोणालाही या बायका एकसारख्या वाटल्या नसत्या.

दुपारी आम्ही परत आलो तेव्हा सुनावणीला गेलेल्यांच्या पाट्या रिकाम्या झाल्या होत्या. सुमन ओटे धूत होती. सगळ्या एकदम बोलत होत्या, बँकेतल्या बाईचा किस्सा रंगवून सांगत होत्या, सुमन हसत होती. तिला सुनावणीत काय झालं ते सगळ्यांनी सांगितलं.

महिन्याभराने आदेश आला. ज्यांनी स्वतः हजर राहून म्हणणं मांडलं, त्यांना नव्या इमारतीत तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला ओटे. उर्वरित 'साचेबद्ध' हरकत निकाली काढण्यात येत आहे. त्या उर्वरित हरकतीखाली आता एकच नाव उरलं होतं. सुमनला दुसरा मजला. एकटीला.

सुमनला पुढे तळमजल्यावर जागा मिळाली, हे इथेच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही माझ्यावर चिडून अंक बाजूला ठेवाल, आणि बरोबरच कराल. पण त्याआधी फेरविचाराचा अर्ज करायचा होता. तो लिहायला मी बाजारात गेले तेव्हा दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. सुमन ओट्यामागे पाटावर बसलेली, मी समोर उलट्या पेटीवर, फोन हातात. आजूबाजूच्या बायका आपापल्या कामात असल्याचं दाखवत होत्या.

"तू लिव," सुमन म्हणाली. "पन एकेक वाचून दाखव. मी नाय बोलली तर पुस."

ती बोलायला लागली. मी टाइप करत होते, वाचून दाखवत होते. 'गिऱ्हाइकांना त्रास होईल' असं मी वाचलं तर ती म्हणाली, "तरास मी बोलली काय? मी बोलली म्हातारी समोरच्या सोसायटीतली, तिचा गुडघा बदललाय." मी पुसलं, गुडघा लिहिला. 'इत्यादी' वाचलं तर म्हणाली, "यो कोन?" इत्यादी गेला. मी एकदा सवयीने 'सबब' टाइप केला आणि वाचायच्या आधी स्वतःच पुसला. वेलांट्या, उकार मी बरोबर घालत होते. तेवढ्याला तिची ना नव्हती. तेवढंच माझं काम होतं, आणि इतकी वर्षं मी त्याला केवढं मोठं समजत होते.

शेवटी ती म्हणाली, "आता लिव, त्या दिशी मी का नाय आली."

माझा अंगठा थांबला. ते कारण मला माहीत होतं. भर बाजारात मी काय म्हणाले होते तेही. "सुमनताई, मी लिहिते की माझ्या सांगण्यावरून—"

"तुजा नाव कशाला? लिव, मी सगल्यांची मासली सांभालत होती."

मी लिहिलं, वाचून दाखवलं. बाजूची कोयती थांबली. बेबीमावशी उठून आली. "माजा नाव घाल त्यात. माजी सुरमई होती तिच्याकडं." मग दुसरी आली, तिची कोळंबी होती. तिसरीचे बांगडे होते. जावा-जावा दोन्ही बाजूंनी आल्या, एकमेकींकडे न बघता आपापली नावं सांगून गेल्या. मी टाइप करत होते, कुणाची मासळी कुठली, नाव काय, आणि मध्ये मध्ये त्या भांडत होत्या, माझा हलवा पण होता, नव्हता गं, हलवा आदल्या दिवशी होता.

"झालं?" मी विचारलं.

"एक ऱ्हायला," सुमन म्हणाली. ती हातातल्या मांदेलीकडे बघत होती. "लिव, सगल्यांची मासली मी विकली. माजी तशीच ऱ्हायली. सांजला खाडीत टाकली."

मी ते वाक्य तसंच लिहिलं आणि वाचून दाखवलं.

बेबीमावशीचा नेहमीचा आवाज एकदम खाली आला. "तेवा बोलली का नाय गो?"

"तुमी आल्यापासून बोलतच होत्या," सुमन म्हणाली. "कोनी इचारलाच नाय."

मी हळूच विचारलं, "हेही लिहू?"

"नको," ती म्हणाली. "ते आमच्यातला हाय. पाठव आता."